अण्णांना रोज रात्री सिनेमा सांगते : तोंडी सांगायला कुठल्या गोष्टी चांगल्या?

गिरगावची_सून

मला सिनेमांची नावं हवी आहेत, पण पाहायला नव्हे, सांगायला. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, आता दिसत नाही. वय ७८. काचबिंदू. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग नळीतून पाहिल्यासारखं मधलं तेवढं उरलं, आणि गेल्या दिवाळीपासून तेही नाही. एकूण सहा वर्षं लागली. अण्णांची सगळी नोकरी एका टॉकीजच्या केबिनमध्ये गेली. १९६८ साली रिळं गुंडाळायला हेल्पर म्हणून लागले, पुढे ऑपरेटर झाले. केबिनमध्ये दोन मशिनं. एकावरचं स्पूल संपत आलं की पडद्यावर उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकतो, तेव्हा दुसऱ्याची मोटर सुरू करायची. काही सेकंदांनी दुसरा ठिपका आला की बदली. दोन हजार फुटांचं स्पूल वीस-बावीस मिनिटं चालतं, म्हणजे एका खेळात सात-आठ वेळा हे करायचं. बदली झाली की लगेच संपलेलं स्पूल उलटं गुंडाळायचं आणि पुढचं भरायचं. त्यामुळे प्रत्येक सिनेमातली ठरावीक काही मिनिटं अण्णांनी कधीच पाहिलेली नाहीत, तो सिनेमा पंचवीस आठवडे चालला असला तरी. आणि मशीनच्या घरघरीत केबिनमधल्या छोट्या स्पीकरवरचे संवाद त्यांना अर्धेमुर्धेच कळायचे. सिनेमा त्यांनी डोळ्यांनीच पाहिला.

टीव्ही लावून बघितला. जुने सिनेमे त्यांना चालतात, कारण त्यांत माणसं सतत बोलतात. नव्या सिनेमात पाच-पाच मिनिटं कुणी तोंड उघडत नाही, मागे नुसतं संगीत. अण्णा विचारतात, "आता काय चाललंय?" आम्ही सांगेपर्यंत पुढचं निघून जातं. शेवटी त्यांनीच बंद करायला सांगितलं. मग पावसाळ्यात एका रात्री लाइट गेले होते तेव्हा मी सहज एका सिनेमाची गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून रोज सांगते. सकाळी चर्नी रोडहून गोरेगावला पतपेढीत जाते, गर्दीच्या उलट्या दिशेला, त्यामुळे बसायला मिळतं. मोबाइलवर तीन दिवसांत एक सिनेमा पाहून होतो. रात्री जेवणं आटोपली की सव्वानऊ ते दहा. मुगभाटातली आमची दीड खोली. अण्णा कॉटवर, सासूबाई खाली मेथी नाहीतर गवार निवडत, आणि मी उंबऱ्यापाशी वाऱ्याला.

'मेरा साया' (१९६६) फार छान झाला. बायको नवऱ्याच्या मिठीत जीव सोडते, अंत्यसंस्कार होतात, आणि काही दिवसांनी पोलिसांनी पकडलेली दरोडेखोर बाई म्हणते, मीच तुमची बायको. चेहरा तोच. नवरा वकील, तोच कोर्टात तिची उलटतपासणी घेतो, आणि त्या दोघांशिवाय कुणाला ठाऊक नसलेल्या गोष्टी ती एकेक करून सांगत जाते. सगळं बोलण्यातच घडतं, मला फक्त दोन आवाज सांभाळायचे होते. अण्णांनी मध्येच थांबवून बजावलं की हा मुळात आपला 'पाठलाग', १९६४ चा, राजा परांजप्यांचा, भावना आणि काशिनाथ घाणेकर. मग 'पाठलाग' लागला तेव्हा त्यांच्या वडिलांनी त्यांना कसं नेलं होतं ते ऐकण्यात अर्धा तास गेला. तो अर्धा तास मला सिनेमाइतकाच आवडला.

'छोटी सी बात'ही रंगला. बसस्टॉपवर मुलीच्या मागे रोज मुकाट उभा राहणारा अरुण, स्कूटरवरून येऊन तिला उचलून नेणारा नागेश, आणि खंडाळ्याच्या कर्नलकडे धीटपणाची शिकवणी. त्या जागा अण्णांच्या पायाखालच्या आहेत. जहांगीर कला दालनातल्या 'समोवार'मध्ये अरुण-प्रभा बसतात असं मी म्हटलं, तर अण्णांनी टेबलांची लांबलचक बोळ हातानं हवेत काढून दाखवली. (ते हॉटेल २०१५ मध्ये बंद झालं, हे त्यांना मीच सांगितलं. नको होतं सांगायला.)

'जाने भी दो यारों' (१९८३) मात्र माझ्याच्यानं झाला नाही. दोन गरीब फोटोग्राफर, बागेतल्या फोटोत चुकून टिपला गेलेला खून, बिल्डरांची आणि अधिकाऱ्यांची मिलीभगत, इथपर्यंत अण्णा कान टवकारून होते. शेवटी कमिशनरचं प्रेत द्रौपदी होऊन महाभारताच्या नाटकात शिरतं, तिथं दहा माणसं एकाच वेळी बोलतात. मी कोण काय म्हणतंय ते सांगत बसले आणि हसू कुठल्या कुठे गेलं.

'कौन?' (१९९९) त्याहून वाईट पडला. पावसात एकटी बाई घरात, बाहेर खुनी मोकाट सुटल्याची बातमी, आणि दारावर अनोळखी माणूस. शेवट उलगडला तेव्हा अण्णा म्हणाले, "तू मला फसवलंस. सिनेमानं नाही फसवलं, तू." रात्रभर ते मनात राहिलं.

आणि प्रेमकथा. सासऱ्यांपुढे सुनेनं प्रेमाचे प्रसंग कसे सांगायचे? "मग दोघं जवळ येतात" म्हणून मी घाईनं पुढे जाते, आणि नेमका तिथंच सिनेमाचा जीव असतो. अण्णांना ती घाई कळते, पण ते काही बोलत नाहीत.

तर प्रेमाचे, विनोदी, रहस्याचे असे कुठले सिनेमे आहेत, ज्यांची गोष्ट पाऊण तासात तोंडानं सांगितली तरी अंगात ताकद राहते? आणि एक खास विचारायचं आहे. 'अंधाधुन' मला फार आवडला. पण त्यात आंधळेपणाचं सोंग घेतलेला माणूस आहे. अण्णांना तो सांगू का?

आठ_बाराची_स्लो

वहिनी, आमच्या डब्यात हे काम बावीस वर्षं चाललंय. डोंबिवली ते सीएसएमटी, चौथी सीट धरून आम्ही आठ जण, आणि सोमवारी ज्यानं सिनेमा पाहिला असेल त्यानं सांगायचा. मुलुंडपर्यंत इंटरव्हल झाला पाहिजे, नाहीतर लोक पेपर उघडतात.

माझा अनुभव सांगतो. नावं सांगू नका. अरुण, प्रभा, नागेश ही नावं ऐकणाऱ्याच्या डोक्यात राहत नाहीत. 'स्कूटरवाला' म्हणा, 'खंडाळ्याचा कर्नल' म्हणा. धंदा नाहीतर वस्तू चिकटवली की माणूस उभा राहतो. आणि पाचव्या माणसाला गोष्टीत घेऊच नका. सिनेमात असला तरी गाळा.

प्रेमकथेत 'लंचबॉक्स' (२०१३) सांगा. इला नवऱ्यासाठी मन लावून डबा करते. डबा चाटूनपुसून परत येतो, पण संध्याकाळी नवरा भलत्याच भाजीबद्दल बोलतो. डबा चुकून दुसऱ्याच ऑफिसात, रिटायर व्हायला आलेल्या साजन फर्नांडिसकडे जातोय. मग डब्यातून चिठ्ठ्या जायला लागतात. दोघं एकमेकांना भेटतच नाहीत, तेव्हा तुमची जवळ येण्याची अडचण मिटली. तुम्ही फक्त चिठ्ठ्या वाचायच्या आणि डब्यात काय होतं ते सांगायचं. आमच्या ग्रुपमध्ये मी तो सांगितला तेव्हा ठाण्यानंतर कुणी हललं नाही, आणि आमच्यातल्या एकानं भायखळ्याला स्वतःचा डबा उघडून पाहिला.

परळच्या_बाई

अगं, तुझे अण्णा बरोबर बोलले, आणि त्याचं कारण मला व्याकरणात दिसतं. मी शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं.

'कौन?' सांगताना तू त्या बाईला पहिल्याच वाक्यात 'बिचारी' म्हणाली असशील. म्हणाली होतीस ना? कॅमेरा तिला बिचारी म्हणत नाही, ती घाबरलेली आहे एवढंच तो दाखवतो. बिचारी हा तुझा निवाडा. रहस्यकथा सांगणाऱ्यानं निवाडा देऊ नये. "ती दचकली", "तिनं सुरी हातात घेतली" एवढंच म्हण. पुढे उलगडा झाला की ऐकणारा मागे जाऊन तीच वाक्यं नव्यानं ऐकतो, आणि त्यातलं एकही खोटं निघत नाही.

दुसरी अडचण आपल्या भाषेची आहे. 'खुनी आला' म्हटलंस की पुरुष, 'आली' म्हटलंस की बाई. पडद्यावर नुसते बूट दाखवता येतात, मराठीत क्रियापद चुगली करतं. त्यावर उपाय सातवीच्या पुस्तकात आहे : कर्मणी प्रयोग. "कुणीतरी कडी काढली." यात काढली हे कडीमुळे, काढणारा पुरुष की बाई ते झाकलेलंच राहतं. "कुणीतरी दिवा विझवला." "कुणीतरी पत्र फाडलं." येणं-जाणं आलं की मात्र पंचाईत होते, कारण तिथं कर्ता उघडा पडतो. मग माणसाला बाजूला ठेवून पावलाला पुढे कर : "जिन्यात पाऊल वाजलं", "पडद्यामागे सावली सरकली". आकाशवाणीवरच्या श्रुतिका ऐकून बघ, हेच करतात. आम्ही लहानपणी विविध भारतीवर रात्री 'हवामहल' ऐकायचो. पंधरा मिनिटांत सगळं घर डोळ्यांपुढे यायचं आणि कुणाच्या साडीचा रंगसुद्धा सांगितलेला नसायचा.

नावं हवीत तर विनोदी म्हणून 'गोलमाल' (१९७९) घे. मिशा नसलेला माणूस चारित्र्यहीन, असं मानणारा शेठ. त्याच्याकडे नोकरी टिकवायला रामप्रसाद हॉकीच्या मॅचला गेल्याचं लपवतो, मग बिनमिशांचा जुळा भाऊ निर्माण करतो, मग खोटी आई उभी करावी लागते. चढती भाजणी आहे. एका थापेतून दुसरी निघते, तेव्हा सांगणाऱ्याला काही लक्षात ठेवावं लागत नाही. 'जाने भी दो यारों'ची मजा गोंधळात आहे, म्हणून तो दहा जणांनी मिळून करून दाखवायचा. 'गोलमाल'ची मजा कारणात आहे आणि कारण सांगता येतं.

रहस्यात 'इत्तेफाक', १९६९ चा. एकही गाणं नाही, मुळात 'धुम्मस' हे गुजराती नाटक, एक घर, एक रात्र. वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला चित्रकार, त्याच्यावर बायकोच्या खुनाचा आरोप, आणि ज्या घरात तो शिरतो तिथं एकटी बाई. तुझ्या पाऊण तासाच्या मापाचा आहे.

खोली_क्रमांक_चौदा

'घरोंदा' (१९७७) सांगा. एका ऑफिसातले दोघं जण पैपै जमवून फ्लॅट बुक करतात आणि बिल्डर पैसे घेऊन पसार होतो. मग तो मुलगाच तिला म्हणतो की आपल्या म्हाताऱ्या, हृदयविकाराच्या साहेबाशी लग्न कर, तो काही फार दिवस काढायचा नाही, मग पैसा आपलाच. ती लग्न करते आणि साहेब तिच्या सेवेनं बरा व्हायला लागतो. डॉ. लागूंनी तो साहेब असा केलाय की तुम्हाला कुणाच्या बाजूनं उभं राहावं तेच कळत नाही. प्रेमकथा म्हणून सुरू होतो आणि मध्येच अंगावर काटा येतो.

आमची चाळ पाडून अकरा वर्षं झाली. बिल्डर बदलला, भाडं थांबलं, आम्ही बदलापूरला. हा सिनेमा मी दर वर्षी एकदा पाहतो. पाहताना आई शेजारी बसते आणि बिल्डरच्या ऑफिसला टाळा दिसला की उठून आत जाते. एवढंच.

दादर_टीटी

ताई, मी जन्मापासून पाहिलेलं नाही. बँकेत आहे, सिनेमे भरपूर 'पाहतो', आणि 'अंधाधुन' थेटरात मित्राबरोबर पाहिलाय. सांगा. नक्की सांगा. आंधळ्या माणसाला आंधळ्याची गोष्ट सांगू नये हा विचार डोळस माणसांनाच सुचतो. मला तर सोंग घेणाऱ्या त्या आकाशचा रागच आला होता आणि तो राग मजेचा होता. काठी कशी धरतो, दाराशी कसा थांबतो, मी बसल्या जागी त्याच्या चुका काढत होतो.

त्या सिनेमात पियानोचा प्रसंग आहे. आकाश वाजवतोय, आणि त्याच्यासमोर बायको आणि तिचा यार एक अक्षर न बोलता नवऱ्याचं प्रेत हलवतायत, रक्त पुसतायत. माझा मित्र पूर्ण सिनेमाभर कानाशी सांगत होता आणि नेमका तिथं गप्प झाला, कारण त्याचाच श्वास अडकला होता. मला फक्त गोड पियानो. बाजूची माणसं का दचकतायत ते कळेना. नंतर वडापाव खाताना त्यानं सांगितलं तेव्हा मी त्याला मारायला धावलो. तुम्ही असं करा : मोबाइलवर ते वादन लावा, हळू आवाजात, आणि त्यावर सांगा. चेहरे सांगू नका, "तिच्या डोळ्यांत भीती" वगैरे मला उपयोगाचं नसतं. हात कुठे आहेत, दार कुणाच्या मागे आहे, कोण कुणापासून किती पावलांवर, हे सांगा. प्रेमातही तसंच. "दोघं जवळ येतात" यात मला काही मिळत नाही. "तिनं कपबशी ठेवली आणि हात टेबलावरच राहू दिला." यात सगळं आलं, आणि सासऱ्यांपुढे म्हणायला संकोचही नाही.

याला श्राव्य वर्णन म्हणतात, आणि ते आमचा हक्क म्हणून मिळावं यासाठी लोक झगडलेत. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं 'पठाण'च्या ओटीटी आवृत्तीसाठी ते करायला सांगितलं, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं थेटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तरी मराठीत अजून शोधावंच लागतं. तोपर्यंत तुमच्यासारखी माणसं.

'लंचबॉक्स'बद्दल वरच्या दादांनी लिहिलंय त्यात माझी एक भर. इलाच्या वरच्या मजल्यावर देशपांडे काकू राहतात, त्या पडद्यावर एकदाही दिसत नाहीत, फक्त भारती आचरेकरांचा आवाज आणि वरून सोडलेली टोपली. तेवढा वेळ अख्खं थेटर माझ्या शेजारी येऊन बसलेलं असतं. अण्णांना त्या काकू आवडतील. आवाज नीट काढा.

गिरगावची_सून

सगळ्यांचे आभार. बाई, हो, मी 'बिचारी' म्हणाले होते. तीनदा.

'लंचबॉक्स' झाला. आमच्याकडे दोन रात्री पुरला, कारण आईंना, म्हणजे सासूबाईंना, प्रत्येक डब्यात काय होतं आणि ते कसं केलं असेल त्यावर बोलायचं होतं. पण मला 'अंधाधुन'चं सांगायचंय. (ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी इथून पुढे वाचू नका.)

पहिल्या रात्री सोंगापासून सुरुवात केली. अण्णा लगेच म्हणाले, "किती दिवस टिकेल? माणूस आवाजाकडे बघतो, हा वस्तूकडे बघणार." मी पुढे गेले. जुन्या जमान्यातला नट प्रमोद सिन्हा लग्नाच्या वाढदिवशी बायकोला नकळत पियानोवाल्याला घरी बोलावतो. हा नट कोण झालाय असं आईंनी विचारलं. मी म्हटलं, अनिल धवन. आईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "'पिया का घर'वाला?" तोच. १९७२ साली जया भादुरीबरोबर चाळीतल्या खोलीत एकांत शोधणारा नवा नवरा, आणि 'अंधाधुन'मध्ये स्वतःच्या घरात मरून पडलेला म्हातारा नट. मी दोन्ही सिनेमे पाहिले होते, पण हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मग आई म्हणाल्या, "तो तर आपल्या 'मुंबईचा जावई'वरनं काढलेला." १९७० चा, अरुण सरनाईकांचा. आई आणि अण्णा यांचं लग्न १९७३ चं, ह्याच दीड खोलीत, तेव्हा आजेसासू, दोन दीर आणि नणंद धरून सात माणसं होती. आई पुढे काही बोलल्या नाहीत, अण्णाही नाहीत. मी पियानो लावला.

दादरचे दादा, तुमचं ऐकून हात आणि पावलं सांगितली. "तिनं चपला काढून हातात घेतल्या." "आकाशच्या उजव्या हाताला तीन पावलांवर प्रेताचे पाय आहेत." "आकाश वाजवायचा थांबत नाही." बाईंचंही ऐकलं, आकाश घाबरला असं एकदाही म्हटलं नाही. मग तो बाथरूमला जातो, आणि आत पिस्तूल घेऊन तो यार उभा. हा यार पोलीस इन्स्पेक्टर आहे हे पुढे कळतं. आकाश खुनाची खबर द्यायला चौकीत जातो तर समोर साहेब म्हणून तोच.

इथं अण्णांनी हात वर केला. केबिनमध्ये हेल्परला थांबवायला करायचे तसा. म्हणाले, "बाईचा यार पोलीस. नवऱ्याचं प्रेत घरातच. आणि घरात भलताच माणूस येतो, ज्याचं कुणी खरं मानणार नाही. एक वेडा म्हणून, एक आंधळा म्हणून. हा 'इत्तेफाक' आहे."

मी गप्पच झाले. 'इत्तेफाक' मी पाहिलेला नव्हता. त्या रात्री मोबाइलवर वाचलं तर खरंच तसंच. नंदाचा प्रियकर त्यातही इन्स्पेक्टर. दोन सिनेमे वेगळे आहेत, एकात पुण्यातला ब्लॉक आणि हसू येईल असा खूनखराबा, दुसऱ्यात पावसाची रात्र आणि बंगला. मी डोळ्यांनी पाहिला असता तर मला पियानो दिसला असता, तब्बू दिसली असती. अण्णांच्या कानावर नुसती गोष्ट आली आणि पंचावन्न वर्षांपूर्वीची गोष्ट तिच्याशेजारी जाऊन बसली.

दुसऱ्या रात्रीची मला भीती होती. आकाशचे डोळे खरोखर जातात तो भाग. मी सांगितलं की त्या नटाच्या बायकोनं, सिमीनं, दिलेल्या प्रसादात काहीतरी घातलेलं होतं, आणि आकाश शुद्धीवर येतो तेव्हा त्याला दिसत नाही. अण्णांनी विचारलं, "एकदम?" मी म्हटलं, हो, एकदम. ते थोडा वेळ थांबले. "मग त्याला स्वतःचं घरही अडखळायला होईल. सोंग घेत होता तेव्हा डोळे उघडे ठेवून चालत होता, पावलं मोजलीच नसतील. मला सहा वर्षं मिळाली." एवढं बोलून म्हणाले, "पुढे?"

पुढे शेवटचा प्रसंग, परदेशात आकाश काठीनं रस्त्यातला रिकामा डबा उडवतो. त्याला दिसतंय की दिसत नाही, ते पाहणाऱ्यानं ठरवायचं. मी वाक्य गाडीत तीन वेळा म्हणून पाहिलं होतं. "वाटेत डबा होता. काठी फिरली, डबा उडाला." 'त्यानं उडवला' म्हटलं नाही. अण्णा हसले. "काठीच्या टोकाला कळतं गं डबा आहे ते," म्हणाले. मला वाटतं, त्यांना आकाश खरोखर आंधळाच राहिलेला हवा आहे.

आता त्यांना 'इत्तेफाक' हवाय, पण सगळा नको. शेवटचं स्पूल चढवल्यावर पहिली काही मिनिटं ते नेहमी उलटं गुंडाळत असायचे. तेव्हा नवे हेल्पर होते, मान वर करायची सोय नव्हती. पोलिसांना संशय नेमका कशावरून आला ते त्यांनी कधी पाहिलेलं नाही. तेवढंच सांग म्हणाले. उद्या चर्नी रोडपासून बघायला घेते.

तो पाहून होईपर्यंतच्या रात्री रिकाम्या नकोत म्हणून 'मुंबईचा जावई' आई सांगणार आहेत. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. भांडी मी घासायची असं ठरलंय, मोरी तिथून चार पावलांवर आहे, सगळं ऐकू येतं.